कुलूप आणि प्रत

रिद्धपूर हे अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातले गाव. आजूबाजूला संत्र्याच्या बागा, कपाशी, तूर. महानुभाव पंथाची ही काशी. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरापंथे गेल्यावर त्यांचे शिष्य इथे, स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सेवेला जमले. इथेच, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी एकेका माणसाकडून ऐकल्या, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केले. मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ म्हणून आपण त्याचा अभिमान बाळगतो. तो ग्रंथ काही दशकांतच हरवला होता, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. उत्तरेकडच्या फौजा दक्षिणेत उतरल्या त्या धामधुमीत, ज्याला पंथाची परंपरा खालशाची धाड म्हणते तिच्यात, मूळ पोथी गेली ती गेलीच.

आज आपल्या हाती जे लीळाचरित्र आहे ते पोथी सुरक्षित राहिली म्हणून आलेले नाही. ते माणसांच्या डोक्यात होते म्हणून आले. हिराइसेसारख्या शिष्यांना लीळा मुखोद्गत होत्या. त्यांनी त्या सांगितल्या, इतरांनी आपापल्या स्मरणातून भर घातली, आणि पुन्हा पाठ तयार झाले. जिथे दोघांच्या सांगण्यात फरक पडला तिथे दोन्ही सांगणी नोंदवून ठेवली. पुढे पंथ पंजाबात, पेशावरपर्यंत पसरला आणि मराठी पोथ्याही त्याच्यासोबत तिकडे गेल्या. एका ठिकाणी आग लागली, वाळवी लागली, तरी दुसऱ्या मठात प्रत होती.

मला लिहायचे आहे ते घरातल्या, दुकानातल्या कॉम्प्युटरविषयी, त्यात शिरणाऱ्या व्हायरसविषयी आणि तो काढण्याविषयी. सुरुवात रिद्धपूरपासून केली कारण माझे म्हणणे या गावाच्या इतिहासात जितके स्वच्छ दिसते तितके कुठल्याही तांत्रिक पुस्तकात दिसत नाही. सुरक्षितता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कुलूप येते: अँटीव्हायरस, पासवर्ड, अंगठा. पण ज्ञान, हिशेब, फोटो, कागद टिकतात ते मुख्यतः प्रतींमुळे, तेही वेगवेगळ्या हातांत आणि वेगवेगळ्या ठिकाणी असलेल्या, तपासलेल्या प्रतींमुळे. कुलूप हवेच, पण त्याचे काम चोराला उशीर लावणे एवढेच आहे. आपण सगळा भरवसा कुलपावर टाकला आणि प्रत काढायचे विसरलो. म्हणून एका व्हायरसने माणसाची दहा वर्षांची कमाई जाते.

धोका इथे कुठल्या रूपात येतो ते आधी पाहू. वऱ्हाडातल्या मध्यम गावात सगळ्यात जास्त माणसांचे कागद ज्या कॉम्प्युटरमधून जातात तो बँकेत किंवा तहसिलीत नसतो, तो सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात असतो. सातबारा, पीकविम्याचा अर्ज, शिष्यवृत्तीचा फॉर्म, जातीचा दाखला, आधारची प्रत, पासबुकाचे पहिले पान. शेतकरी म्हणतो, "भाऊ, माह्या पेन ड्राइव्हमधून एवढं काढून द्या," आणि भाऊ तो पेन ड्राइव्ह लावतो. दिवसभरात असे कितीतरी पेन ड्राइव्ह लागतात. त्यातल्या एकात व्हायरस असेल तर संध्याकाळपर्यंत तो बाकीच्यांत उतरतो.

या व्हायरसची एक जुनी आणि अजूनही चालणारी रीत समजून घेण्यासारखी आहे. पेन ड्राइव्हमधले तुमचे सगळे फोल्डर तो लपवतो आणि त्याच नावांचे शॉर्टकट तिथे ठेवतो. तुम्ही 'मुलीचे कागद' या फोल्डरवर क्लिक करता. तो शॉर्टकट आधी व्हायरस चालवतो आणि लगेच खरा फोल्डरही उघडून देतो. तुम्हाला तुमचे कागद दिसतात, काम होते, शंका येत नाही. घाबरलेला माणूस "सगळं उडालं" म्हणून पेन ड्राइव्ह फॉरमॅट करतो, आणि लपलेल्या पण शाबूत असलेल्या फायली तेव्हा खरोखर जातात. इथे नुकसान व्हायरसपेक्षा घाईने जास्त केले. आधी लपलेल्या फायली दाखवण्याची सोय चालू करावी, कागद उचलून घ्यावेत, मग पेन ड्राइव्ह पुसावा.

लोक म्हणतात, गावातली माणसे अडाणी म्हणून असे होते. मला हे अजिबात मान्य नाही. मराठीत टायपिंग आणि छपाईचे काम करणाऱ्या दुकानांचे उदाहरण घ्या. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे अहवाल, पंथाच्या पोथ्यांच्या नव्या आवृत्त्या, स्थानिक लेखकांची पुस्तके ही सगळी वर्षानुवर्षे जुन्या फॉन्टमध्ये टाइप झाली. युनिकोड सर्वत्र रुळायच्या आधीचे हे फॉन्ट त्या त्या सॉफ्टवेअरशी बांधलेले आणि ते सॉफ्टवेअर जुन्या विंडोजशी बांधलेले. विंडोज बदलली की जुनी फाईल उघडेना, उघडली तर जोडाक्षरे फुटलेली. म्हणून दुकानदार एक्सपी सोडेना, नंतर विंडोज 7 सोडेना. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती 8 एप्रिल 2014 ला थांबली, विंडोज 7 ची 14 जानेवारी 2020 ला. त्यातच मूळ सॉफ्टवेअर महाग, म्हणून कुणीतरी दिलेली 'क्रॅक' प्रत. ती टाकताना पहिली सूचना असते: अँटीव्हायरस बंद करा. म्हणजे दार आपल्याच हाताने उघडून अनोळखी माणसाला आत घेतले आणि त्याला मालकाचे अधिकारही दिले. यामागे मूर्खपणा कुठे आहे? मराठी अक्षरांसाठी स्वस्त, टिकाऊ, नव्या यंत्रावर चालणारी साधने वेळेवर गावापर्यंत पोचली नाहीत, त्याची ही किंमत आहे.

जुनी विंडोज म्हणजे काय धोका, हे 2017 ने जगाला दाखवले. विंडोजमधल्या एका भोकावर मायक्रोसॉफ्टने 14 मार्चला दुरुस्ती दिली. 12 मे रोजी त्याच भोकातून वॉनाक्राय शिरला आणि दीडशेहून अधिक देशांत दोन लाखांवर कॉम्प्युटरांतल्या फायलींना कुलूप लावून पैसे मागू लागला. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी अपडेट घेतले ते वाचले. एक्सपीवाल्यांसाठी तर दुरुस्ती हल्ल्यानंतर आली.

त्याच वर्षी वऱ्हाडात दुसरे एक संकट होते आणि त्यावरून हा विषय इथल्या माणसाला चटकन समजेल. बीटी कपाशी आली तेव्हा बियाण्यातच औषध आहे म्हणून आपण निर्धास्त झालो. गुलाबी बोंडअळी त्या औषधाला सरावली आणि 2017 च्या हंगामात बोंडेच्या बोंडे पोखरून गेली. त्यानंतर कृषी विद्यापीठाने काय सांगितले? हंगाम संपल्यावरही राखलेले कपाशीचे पीक, म्हणजे फरदड, घेऊ नका, पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नका, कामगंध सापळे लावा, सगळ्यांनी मिळून करा. कारण एकाच्या शेतात अळी राहिली की शेजाऱ्याचा बंदोबस्त वाया जातो. अँटीव्हायरसचेही तसेच आहे. ते उपयोगी आहे, पण एका डब्यातल्या एका औषधावर सगळा हंगाम सोडता येत नाही. जुनी विंडोज ही फरदडच आहे: चार पैसे जास्त मिळतील म्हणून ठेवलेली, आणि पुढच्या रोगाला घर देणारी.

महाराष्ट्राचा अँटीव्हायरसशी संबंध जवळचा आहे. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटर दुरुस्तीत आले. दुकानात येणारी यंत्रे व्हायरसने बिघडलेली असत. धाकटे बंधू संजय यांनी ते व्हायरस काढणारे छोटे प्रोग्राम लिहिले, आणि त्यातून नव्वदच्या दशकात क्विक हील उभे राहिले. मला ही गोष्ट मोलाची वाटते, कारण ती दुरुस्तीच्या टेबलावर जन्मली, समोर बसलेल्या गिऱ्हाइकाच्या अडचणीतून. आपण गिऱ्हाइकांनी मात्र तिच्यातून चुकीचा धडा घेतला: वर्षाचा अँटीव्हायरस भरला की जबाबदारी संपली.

आता व्हायरस शिरलाच असेल तर काय करायचे, ते क्रमाने सांगतो, कारण इथे क्रमच महत्त्वाचा आहे. पहिले काम म्हणजे यंत्र इंटरनेटपासून तोडणे. वायफाय बंद करा, वायर काढा. त्या यंत्रावरून बँक, मेल, काहीही उघडायचे नाही, आणि त्याला एकही चांगला पेन ड्राइव्ह लावायचा नाही. घाईने "व्हायरस काढून देतो" म्हणणारी खिडकी पडद्यावर आली असेल तर ती स्वतःच व्हायरस असण्याची शक्यता मोठी. तिच्यातल्या फोन नंबरवर फोन करणे म्हणजे चोराला घरी बोलावणे.

मग तपासणी. विंडोजमध्येच असलेल्या डिफेंडरला ऑफलाइन स्कॅन नावाची सोय आहे. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि विंडोज जागी होण्याआधीच तपासणी चालते. याचे कारण सोपे: विंडोज चालू असताना व्हायरसही चालू असतो आणि तपासणाऱ्याच्या डोळ्यांवर हात ठेवू शकतो. त्यानंतर दुसऱ्या एखाद्या कंपनीचा स्कॅनर एकदा फिरवावा, कारण एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याला सापडते. यंत्राबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम पाहावेत, ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन्स काढावीत, आपण टाकलेले नाही असे सॉफ्टवेअर काढावे.

एवढे करून यंत्र शांत झाले तरी ते स्वच्छ झाले असे मी मानणार नाही. ज्या यंत्रात अनोळखी प्रोग्रामने मालकाचे अधिकार मिळवले, त्याच्या कुठल्या कोपऱ्यात काय ठेवले हे खात्रीने सांगणे निष्णात माणसालाही अवघड जाते. खात्रीचा मार्ग एकच: दुसऱ्या स्वच्छ यंत्रावर मायक्रोसॉफ्टच्या मूळ जागेवरून विंडोज पेन ड्राइव्हवर उतरवायची, ही डिस्क पूर्ण पुसायची आणि नव्याने टाकायची. परत आणायचे ते फक्त कागद, फोटो, हिशेब, तेही तपासून. प्रोग्राम जुने परत आणायचे नाहीत, क्रॅक तर नाहीच.

इथे बहुतेक जण थांबतात, आणि का थांबतात ते मला कळते. पुसायची हिंमत त्यालाच होते ज्याच्याकडे प्रत आहे. ज्याच्याकडे प्रत नाही तो अर्धवट साफ केलेल्या यंत्राबरोबर भीत भीत जगतो, आणि फायलींना कुलूप लागले तर पैसे भरायला तयार होतो. पैसे भरून किल्ली मिळेलच याची कुठलीही हमी नसते. काही जुन्या प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात. युरोपोल, डच पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी 2016 मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या उपक्रमाच्या संकेतस्थळावर आधी शोधावे. पण तो नशिबाचा भाग झाला.

प्रत दूर असण्याचे महत्त्व सांगणारी एक घटना आपल्या किनाऱ्याशीही जोडलेली आहे. जून 2017 मध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जगभरातले कॉम्प्युटर काही तासांत निकामी झाले. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. कुठला कर्मचारी कोण, कुणाला काय अधिकार, याची सगळी नोंद ठेवणाऱ्या मुख्य सर्व्हरांच्या प्रती कंपनीने जगभर ठेवल्या होत्या. पण सगळ्या एकमेकींना जोडलेल्या, म्हणून सगळ्या एकदम गेल्या. एक वाचली, घाना देशातल्या कार्यालयातली. तिथे त्या वेळी वीज गेली होती आणि तो सर्व्हर जाळ्यातून तुटलेला होता. तिथली डिस्क माणसाच्या हाताने इंग्लंडला नेली आणि तिच्यावरून कंपनी पुन्हा उभी केली. भारनियमन सोसलेल्या वऱ्हाडी वाचकाला हे वाचून नवल वाटेल, पण त्या दिवशी गेलेल्या विजेने जगातली एक मोठी कंपनी वाचवली.

म्हणून कॉम्प्युटरला कायम लावून ठेवलेली हार्ड डिस्क ही प्रत नाही. व्हायरस शिरला की तीही गेली. गुगल ड्राइव्हसारखी जागा बरी, पण यंत्रावरची फाईल बिघडली की बिघडलेलीच फाईल वर चढते. जुन्या आवृत्त्या परत मिळवायची सोय कुठे आहे ते आधी पाहून ठेवावे. महत्त्वाच्या कागदांच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि त्यातली एक घराबाहेर: भावाकडे, मुलीच्या सासरी, पुण्यातल्या भाच्याकडे. आणि सहा महिन्यांनी एकदा ती प्रत उघडून पाहावी. न उघडलेली प्रत आहे की नाही, हे संकटाच्या दिवशीच कळते, आणि तेव्हा कळून उपयोग नसतो. म्हाइंभटांनी ऐकलेली प्रत्येक लीळा नागदेवाचार्यांपुढे ठेवली ती याच काळजीने.

रिद्धपूरच्या इतिहासाला दुसरी बाजूही आहे आणि ती मी टाळणार नाही. प्रती जपणाऱ्या याच पंथाने कुलपेही केली. सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत पोथ्या लिहिल्या गेल्या. आतले ज्ञान पवित्र, ते भलत्याच्या हाती लागू नये, ही भावना समजण्यासारखी आहे. पण त्या कुलपामुळे शतकानुशतके बाकीच्या मराठी माणसाला ते वाङ्मय दिसलेच नाही. पोथ्यांत काय आहे हे माहीत नसल्याने पंथाविषयी भलभलते गैरसमज पसरले आणि महानुभावांनी ते सोसले. विसाव्या शतकाच्या आरंभी पंथातल्या महंतांनी मन मोठे केले आणि वि. का. राजवाड्यांसारख्या संशोधकांनी लिपीची उकल प्रसिद्ध केली, तेव्हा मराठीच्या इतिहासाची सुरुवातीची पाने उघडली.

आज हे कुलूप आपल्या टेबलावर आहे. नव्या विंडोज 11 च्या पुष्कळ यंत्रांत संपूर्ण डिस्क सांकेतिक रूपात ठेवण्याची सोय आपोआप चालू होते. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला काही वाचता येत नाही, हे चांगलेच. पण यंत्र बिघडले की ते अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी की मागते, आणि मालकाला ती कुठे आहे हे ठाऊक नसते. दुकानदाराने आपल्याच मेलवरून यंत्र सुरू करून दिलेले असते, आणि किल्ली त्याच्या खात्यात. तेव्हा नवा लॅपटॉप घेतला त्याच दिवशी खाते स्वतःचे करा, ती किल्ली कागदावर उतरवा आणि घराच्या खरेदीखताबरोबर ठेवा. घरातल्या दुसऱ्या एका माणसाला ती जागा माहीत असू द्या.

पासवर्डचे थोडक्यात. व्हायरस सापडल्यावर पासवर्ड बदलायचे ते त्या यंत्रावरून कधीच नाहीत, दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून. नुसते बदलूनही भागत नाही. आजचे चोर ब्राउझरमधली लॉगिनची खूणच उचलतात, तिला पासवर्ड लागत नाही. म्हणून 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' हे बटण दाबायचे. आणि रोजच्या कामासाठी मालकाचे अधिकार नसलेले वेगळे खाते वापरायचे. सेवा केंद्रात हा एक बदल केला तरी निम्मी कटकट टळेल, असे माझे मत आहे.

सगळ्यात मोठी अडचण मला लाजेची वाटते. व्हायरस आला, पैसे गेले, की माणूस गप्प बसतो. दुकानदाराला वाटते गिऱ्हाईक तुटेल, शिक्षकाला वाटते लोक हसतील. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेत मालवेअर शिरले आणि दोन-तीन दिवसांत 94 कोटींवर रक्कम गेली. अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. ज्या बँकेकडे तज्ज्ञ माणसे होती तिथे हे झाले, मग झेरॉक्सवाल्या पोराने मान खाली का घालावी? बँकेने पोलिसांत तक्रार दिली, तपास झाला, आणि 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा सुनावली. गप्प बसली असती तर यातले काहीच झाले नसते. पैसे गेले तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पहिल्या तासात फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यातून निघण्याआधी गोठवता आली तर परत मिळू शकते. यंत्र साफ करण्याची फुकट साधने केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर 2017 पासून आहेत. किती सेवा केंद्रांच्या भिंतीवर हा नंबर आणि हा पत्ता लिहिलेला आहे? वाचकाने आपल्या गावात जाऊन पाहावे.

जबाबदारी वापरणाऱ्यावर ढकलून सरकारला आणि कंपन्यांना मोकळे होता येणार नाही. विंडोज 10 ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. ज्यांनी वाढीव मुदतीसाठी नोंदणी केली त्यांना घरच्या यंत्रावर आणखी एक वर्ष मिळाले. पण आठ-नऊ वर्षांपूर्वीची, उत्तम चालणारी कितीतरी यंत्रे विंडोज 11 घेतच नाहीत. नवे यंत्र घ्यायला पैसे नसलेल्या दुकानदाराला "असुरक्षित आहे, बदला" एवढेच सांगणे अन्यायाचे आहे. त्याच्या यंत्रात लिनक्स बसवून द्यावी, मराठी टायपिंग बसवून द्यावे, जुन्या फॉन्टमधल्या फायली युनिकोडमध्ये आणून द्याव्यात. नागरिकांचे आधार आणि पासबुक ज्या यंत्रावरून जातात ते यंत्र सुरक्षित ठेवण्याचा खर्च शासनाच्या सेवेचाच भाग मानला पाहिजे.

आणि इथे रिद्धपूरकडे पुन्हा यावे लागते. राज्य सरकारने मराठी भाषा विद्यापीठ याच गावात स्थापन केले, 2024 मध्ये त्याला पहिले कुलगुरू मिळाले, त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पोथ्यांचे संशोधन तिथे होईलच. पण आजच्या मराठी माणसाचे कागद ज्या यंत्रांत आहेत त्यांच्या रक्षणाचे शास्त्रही मराठीत, सोप्या मराठीत, लिहिले गेले पाहिजे. या विद्यापीठाने एक छोटी पुस्तिका काढावी: व्हायरस कसा येतो, आला तर कुठल्या क्रमाने काय करायचे, प्रत कशी काढायची, तक्रार कुठे करायची. ती मोर्शी, चांदूरबाजार, अचलपूरच्या प्रत्येक सेवा केंद्रात पोचवावी, विद्यार्थ्यांना त्या दुकानांत पाठवून जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणून घ्यावा, आणि त्याची एक प्रत विद्यापीठात, दुसरी अमरावतीला, तिसरी महाराष्ट्राबाहेर कुठेतरी ठेवावी. खर्च फार नाही, आणि हे काम करायला या गावापेक्षा योग्य जागा मराठी मुलखात मला दुसरी दिसत नाही. विद्यापीठाने ते या शैक्षणिक वर्षातच हाती घ्यावे.